सर्व्हो बदलला तरी पुन्हा तोच अलार्म: गॅस टर्बाइनचे इंधन व्हॉल्व्ह का अडकतात आणि शोध कुठून सुरू करायचा

मशीन पंधरा दिवस स्टँडबायवर असतं. लोड डिस्पॅचकडून मागणी येते, स्टार्ट दिला जातो, क्रँकिंग होतं (स्टार्टरने रोटर फिरवला जातो), पर्ज (आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढणं) पूर्ण होतो आणि नेमका फायरिंगच्या वेळी गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह रेफरन्सप्रमाणे, म्हणजे कंट्रोलरने सांगितला तेवढा, उघडत नाही. ‘सर्व्हो फॉलो करत नाही’ अशा अर्थाचा अलार्म येतो, मशीन ट्रिप होतं. (सर्व्हो म्हणजे विजेच्या करंटनुसार तेल सोडून व्हॉल्व्ह हलवणारा भाग.) स्टोअरमधून नवा सर्व्हो आणून बसवला की सगळं सुरळीत. तीन-चार महिने जातात, मशीन पुन्हा काही दिवस बंद राहतं आणि पुन्हा तोच अलार्म. नवा सर्व्हो बसवल्यावर दर वेळी बरं होत असेल आणि दर वेळी पुन्हा बिघडत असेल, तर बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तेलात असतं. सर्व्हो ही फक्त तो दिसण्याची जागा असते.

हे लिखाण जीई रचनेच्या फ्रेम ५, ६बी आणि ९ई मशीनसाठी आहे, कंट्रोल सिस्टिम जीईची मार्क ५ किंवा मार्क ६. भारतात ही मशीन्स मुख्यतः हैदराबादच्या भेलमध्ये बनली आणि रिफायनऱ्या, खत कारखाने, गॅसवरची वीजकेंद्रं अशा ठिकाणी बसली. देशांतर्गत गॅस कमी पडू लागल्यापासून यातली बरीच वीजकेंद्रं वर्षाचा मोठा भाग बंद असतात आणि उन्हाळ्यात मागणी वाढली की अचानक चालवावी लागतात. २०२४ मध्ये तर केंद्र सरकारने वीज कायदा २००३ च्या कलम ११ खाली १ मे ते ३० जून या काळासाठी गॅसवरच्या केंद्रांना चालण्याचे निर्देश दिले होते. सलग बेसलोडवर चालणाऱ्या मशीनपेक्षा अशा थांबत-थांबत चालणाऱ्या मशीनला हा त्रास जास्त होतो. का, ते तेलाच्या भागात येईल.

व्हॉल्व्ह काय करतात, थोडक्यात

गॅस मॉड्यूलमध्ये दोन व्हॉल्व्ह एकामागे एक असतात. पहिला एसआरव्ही (स्टॉप/रेशो व्हॉल्व्ह): तो दोन व्हॉल्व्हमधला दाब, म्हणजे पी२, टर्बाइनच्या वेगाच्या प्रमाणात राखतो आणि ट्रिप आली की गॅस तोडतो. दुसरा जीसीव्ही (गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह): तो एफएसआरच्या, म्हणजे कंट्रोलरच्या इंधनाच्या मागणीच्या, प्रमाणात उघडतो. पी२ ठरलेला असतो आणि जीसीव्हीमधला प्रवाह क्रिटिकल असतो (पुढच्या बाजूच्या दाबाचा त्यावर परिणाम होत नाही), त्यामुळे किती गॅस जाणार हे फक्त जीसीव्ही किती उघडला यावर ठरतं. म्हणूनच फायरिंगच्या वेळची एक-दोन टक्क्यांची चूकही ज्वाला पकडते की नाही इथपर्यंत पोचते.

दोन्ही व्हॉल्व्ह तेलाच्या दाबावर उघडतात आणि स्प्रिंगने बंद होतात. हायड्रॉलिक दाब साधारण १०५ बार. हा हायड्रॉलिक पंप वेगळ्या टाकीतलं तेल घेत नाही, ल्यूब ऑइलचंच तेल घेतो. बेअरिंगमधून तापून येणारं तेल सर्व्होच्या काही मायक्रॉनच्या फटींतून फिरतं. स्टीम टर्बाइनच्या फॉस्फेट एस्टरवर चालणाऱ्या ईएचसी (इलेक्ट्रो-हायड्रॉलिक कंट्रोल) सिस्टिमचे अनुभव इथे जसेच्या तसे लावू नका. ते तेल वेगळं, त्याचे दोष वेगळे.

सर्व्होला तीन कॉइल असतात. प्रत्येक कॉइल सुमारे १००० ओहमची, ±१० मिलिॲम्पची. आर, एस आणि टी या तीन कोअरकडून, म्हणजे एकच काम समांतर करणाऱ्या तीन कंट्रोलरकडून, एकेक चालवली जाते. ऋण करंट व्हॉल्व्ह उघडतो, धन करंट बंद करतो. करंट शून्य झाला तर सर्व्होमधला यांत्रिक बायस व्हॉल्व्ह बंद करतो. या बायसला तोलून व्हॉल्व्ह एका जागी स्थिर धरायला प्रत्येक कॉइलमधून सुमारे −०.२६७ मिलिॲम्प लागतो, म्हणजे तिन्ही मिळून −०.८. स्क्रीनवर हाच आकडा −२.६७ टक्के दिसतो. निरोगी सर्व्होचा स्थिर करंट −१.३३ ते −४ टक्के या पट्ट्यात असतो. या लेखात पुढे जे काही आहे, त्यातलं अर्धं निदान या एका आकड्यावर उभं आहे.

पाना हातात घेण्याआधी ट्रेंड घ्या

ट्रिप झाल्यावर घाईने सर्व्हो खोलला की पुरावा जातो. आधी खालचे सिग्नल एकाच ट्रेंडवर घ्या:

- जीसीव्ही आणि एसआरव्हीचा रेफरन्स
- दोन्ही व्हॉल्व्हच्या दोन-दोन एलव्हीडीटींचं (व्हॉल्व्ह किती उघडला ते मोजणारे सेन्सर) वेगवेगळं रीडिंग, निवडलेली पोझिशन नव्हे
- तिन्ही कोअरचा सर्व्हो करंट
- पी१ (एसआरव्हीच्या आधीचा गॅसचा दाब), पी२ आणि हायड्रॉलिक हेडरचा दाब
- ल्यूब ऑइल हेडरचं तापमान
- आयजीव्हीची (कॉम्प्रेसरच्या तोंडाशी हवा कमी-जास्त करणारी फिरती पाती) पोझिशन आणि तिचा सर्व्हो करंट

डीसीएसच्या (केंद्राच्या मुख्य कंट्रोल सिस्टिमच्या) हिस्टोरियनमधल्या एक-एक सेकंदाच्या नोंदीत यातलं काहीही नीट दिसणार नाही. कंट्रोलरच्या टूलबॉक्स सॉफ्टवेअरचा ट्रेंड रेकॉर्डर लावा आणि कंट्रोलरच्या फ्रेम रेटने, म्हणजे मार्क ६ वर ४० मिलिसेकंदाने, नोंद घ्या. ट्रिप हिस्टरी लगेच सेव्ह करा. पुढच्या स्टार्टच्या गडबडीत ती हरवते.

अडकणाऱ्या व्हॉल्व्हची चित्रं ठळक असतात. समजा रेफरन्स १८ टक्क्यांवरून हळूहळू २० कडे चढतोय. पोझिशन १८ वरच बसून राहते. करंट −२.७ वरून −५, −७, −९ असा वाढत जातो, कारण कंट्रोलर जोर लावतोय. मग एकदम व्हॉल्व्ह सुटतो, पोझिशन २०.८ वर उडी मारते, करंट उलट्या बाजूला पलटतो आणि व्हॉल्व्ह परत खाली येताना पुन्हा अडतो. रेफरन्सची रेघ तिरकी आणि सरळ, पोझिशनची रेघ पायऱ्या-पायऱ्यांची, करंटची रेघ करवतीच्या दात्यांसारखी. हे चित्र दिसलं की वायरिंग आणि कार्ड सोडून द्या. काहीतरी प्रत्यक्ष चिकटतंय.

दोन एलव्हीडीटींपैकी एकच उडत असेल आणि दुसरी शांत असेल, तर व्हॉल्व्ह नाही, मोजमाप बिघडलंय. इथे एक धोका ध्यानात घ्या. कंट्रोलर दोन्हींपैकी जास्त रीडिंग निवडतो. एक एलव्हीडीटी खोटं कमी दाखवू लागली तर फक्त फरकाचा अलार्म येतो, कारण दुसरी सांभाळून घेते. पण एक खोटं जास्त दाखवू लागली तर कंट्रोलरला वाटतं व्हॉल्व्ह जास्त उघडलाय, तो प्रत्यक्षात व्हॉल्व्ह दाबतो आणि लोड पडतो किंवा ज्वाला विझते. बंद स्थितीत सुमारे ०.७ व्होल्ट आणि पूर्ण उघड्या स्थितीत सुमारे ३.५ व्होल्ट एसी, एक्सायटेशन ७ व्होल्ट: हे तीन आकडे टर्मिनलवर मोजून बघा. बहुतेक वेळा कोअर रॉडचं लॉकनट कंपनाने ढिलं झालेलं सापडतं. कोकणपट्टीवरच्या केंद्रांत पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये साचलेलं पाणी आणि हिरवे पडलेले टर्मिनल हे दुसरं नेहमीचं कारण. ग्लँड वरच्या बाजूने आत जात असेल तर ती खालून घ्या; कितीही सीलंट लावलं तरी वरून आलेली केबल पाणी आणतेच.

पोझिशन रेफरन्सला चिकटून चालते पण पी२ हलतो, असं असेल तर सर्व्होला हात लावू नका. पी२ च्या तीन ट्रान्समीटरची इम्पल्स ट्यूबिंग, त्यातलं कंडेन्सेट आणि पी१ चा पुरवठा आधी तपासा.

स्थिर स्थितीतला करंट खूप काही सांगतो. कॉइलपैकी एक तुटली की त्या कोअरचा करंट शून्य दिसतो आणि उरलेल्या दोन कॉइलना तिचा भार उचलावा लागतो: प्रत्येकी सुमारे −४ टक्के. सर्व्हो बदलल्यावर लगेच तिन्ही कोअर सुमारे −८ टक्के दाखवू लागले, तर एका कॉइलच्या तारा उलट्या लागल्या आहेत. दोन कॉइल जोर लावतायत, तिसरी त्यातला एकीचा जोर खाऊन टाकतेय आणि निव्वळ एका कॉइलचं काम उरतंय. असं मशीन चालतंही, म्हणूनच हे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. मग एखादा कोअर देखभालीसाठी बंद केला की ट्रिप.

सर्व्हो अडकतोय की व्हॉल्व्ह?

पायऱ्यांचं चित्र दोन्हींत दिसतं, म्हणून फरक करण्याची एक खात्रीची पद्धत वापरा. एसआरव्हीला ट्रिप ऑइलवर चालणारा डम्प रिले असतो. ट्रिप ऑइलचा दाब गेला की हा रिले सिलिंडरमधलं तेल थेट सोडून देतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह आपटून बंद करते. या वाटेत सर्व्होचा संबंध नाही. गेल्या ट्रिपचा ट्रेंड काढून बंद होण्याचा वेग बघा. डम्पवर झटकन बंद होतो आणि सर्व्होच्या आज्ञेवर अडखळतो, तर दोष सर्व्हो किंवा त्याच्या पुढच्या फिल्टरमध्ये. डम्पवरसुद्धा शेवटच्या भागात रेंगाळतो, तर स्टेम पॅकिंग, सिलिंडरचं सील किंवा स्प्रिंग बघायची वेळ आलीय. ही दुसरी गोष्ट केवळ देखभालीची राहत नाही. एसआरव्ही हा स्टॉप व्हॉल्व्ह आहे. तो ट्रिपला वेळेत बंद होत नसेल तर मशीन चालवायचं नाही.

बऱ्याच जुन्या रचनेत जीसीव्हीला असा डम्प रिले नसतो. तिथे गॅस पूर्ण तोडून ऑफलाइन स्ट्रोक टेस्ट करा: ०, २५, ५०, ७५, १०० आणि त्याच टप्प्यांनी खाली. स्टेमवर डायल इंडिकेटर लावा. फक्त बंद होताना, म्हणजे स्प्रिंगच्या एकट्या जोरावर, रेंगाळत असेल तर संशय पॅकिंगवर. दोन्ही दिशांना सारखंच अडत असेल तर सर्व्होवर.

आता खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक ठिकाणी शोध अर्धवट सुटतो: तेच तेल वापरणाऱ्या बाकीच्या सर्व्होंचं काय चाललंय? एसआरव्ही, जीसीव्ही आणि आयजीव्ही हे तिन्ही एकाच हायड्रॉलिक हेडरवर आहेत. तिघांचे स्थिर करंट शेजारी-शेजारी लिहून काढा, शक्य असेल तर गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक स्टार्टचे. फक्त जीसीव्हीचा आकडा सरकला असेल तर त्या सर्व्होपुरतं बघा. तिन्ही एकाच दिशेने सरकत असतील, मग अलार्म कोणाचाही येवो, दोष तेलात आहे. जीसीव्हीचा अलार्म आधी येतो, कारण त्याची चूक लगेच ज्वाळेत दिसते; आयजीव्ही तेवढीच चूक निमूटपणे सहन करत असतो.

तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी मंद होत असतील आणि त्याच क्षणी हायड्रॉलिक दाब खाली येत असेल, तर पंप, कॉम्पेन्सेटरची सेटिंग, ॲक्युम्युलेटरचा नायट्रोजन प्री-चार्ज आणि ड्युप्लेक्स फिल्टरचा डिफरन्शियल हे क्रमाने बघा. दाब ९३ बारच्या आसपास उतरल्यावर सहायक पंप चालू व्हायला हवा. तो वारंवार चालू होत असेल तर ती आधीची सूचना होती.

तेल: आयएसओ रिपोर्ट स्वच्छ, तरी सर्व्हो चिकट

सर्व्हो अडकतो तेव्हा तेलाचा रिपोर्ट मागवला जातो, आयएसओ ४४०६ चा कोड चांगला येतो आणि तेलावरचा संशय मिटतो. इथे चूक होते. हा कोड ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजतो. वार्निश, म्हणजे खराब झालेल्या तेलाचा चिकट थर, बनवणारे कण एक मायक्रॉनपेक्षा लहान आणि मऊ असतात, ते या मोजणीत येतच नाहीत. तेल सोन्यासारखं स्वच्छ दिसतं आणि सर्व्होच्या स्पूलवर तपकिरी थर चढत असतो.

वार्निश कसं होतं? बेअरिंगच्या उष्णतेने तेलाचं ऑक्सिडेशन होतं. हवेचे बुडबुडे पंपात एकदम दाबले गेले की त्यांच्या भोवतालचं तेल जळतं. सक्शनला गळती असेल किंवा टाकीची पातळी खाली असेल तर हे वाढतं. बारीक फिल्टरमधून वेगाने जाताना तेलावर स्थिर वीज साचते आणि ठिणगी पडते. फिल्टरजवळ टिकटिक असा आवाज येणं, किंवा काढलेल्या एलिमेंटवर सुईच्या टोकाएवढे जळालेले ठिपके दिसणं, ही त्याची खूण. हल्लीच्या ग्रुप २ बेस तेलांची हे पदार्थ विरघळवून धरण्याची ताकद जुन्या तेलांपेक्षा कमी आहे.

आता थांबलेल्या मशीनचा मुद्दा. ही ताकद तापमानावर अवलंबून असते. मशीन चालू असताना हेडरचं तेल ५४ अंशांच्या आसपास असतं, ऑक्सिडेशनचे पदार्थ विरघळलेले राहतात, सर्व्हो नीट चालतो. मशीन बंद झालं, गॅस मॉड्यूलमधल्या ट्यूबिंगमध्ये तेल जागच्या जागी थांबलं, गार झालं, की तेच पदार्थ बाहेर पडतात आणि जिथे फट सर्वांत बारीक तिथे बसतात. म्हणून गार स्टार्टला व्हॉल्व्ह अडतो, आणि दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर गरम तेल पोचलं की आपोआप सुटतो. ‘तिसऱ्या स्टार्टला चालतंय’ असं शिफ्टमध्ये कुणी म्हणत असेल तर तो तेलाबद्दलचा पुरावाच आहे. आणि फसलेल्या प्रत्येक स्टार्टनंतर पूर्ण पर्ज झाल्याशिवाय पुढचा प्रयत्न नको. न जळलेला गॅस एक्झॉस्टमध्ये थांबलेला असू शकतो.

मागवायच्या चाचण्या दोनच, पण नेमक्या. पहिली मेम्ब्रेन पॅच कलरिमेट्री, एएसटीएम डी७८४३. ५० मिलि तेल ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळतात आणि पडद्यावर पडलेला रंग डेल्टा ई या आकड्यात मोजतात. प्रयोगशाळेने नमुना आधी २४ तास सुमारे ६० ते ६५ अंशांवर ठेवून मग ७२ तासांच्या आसपास खोलीच्या तापमानाला अंधारात ठेवला का, हे विचाराच. ही पायरी गाळली तर आकडा खोटा कमी येतो. डेल्टा ई १५ च्या आत असेल तर ठीक, १५ ते ३० लक्ष ठेवा, ३० च्या पुढे उपचार सुरू करा, ४० च्या पुढे सर्व्हो बदलणं म्हणजे नवा सर्व्हो वाया घालवणं. दुसरी चाचणी रूलर, एएसटीएम डी६९७१: अँटिऑक्सिडंट किती उरलं. नव्या तेलाच्या चौथ्या हिश्शावर आलं की पुढचा टप्पा जलद घसरणीचा असतो. नमुना चालू मशीनच्या हेडरवरून घ्या, टाकीच्या तळाच्या ड्रेनवरून नव्हे.

उपचारासाठी टाकीला बाजूने जोडलेलं आयन एक्स्चेंज रेझिनचं युनिट सर्वांत भरवशाचं, कारण ते विरघळलेले पदार्थही काढतं. इलेक्ट्रोस्टॅटिक किंवा खोल मीडियाचे फिल्टर बाहेर पडलेले कण पकडतात. ते गार तेलावर, म्हणजे ४० अंशांखाली, चांगलं काम करतात. गरम, चालू मशीनवर त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. युनिट लावल्यावर डेल्टा ई उतरेल, मग काही आठवड्यांनी थोडा परत चढेल. घाबरू नका. स्वच्छ झालेलं तेल भिंतींवरचं जुनं वार्निश सोडवून घेतंय. युनिट बंद न करता चालू ठेवा, मशीन उभं असतानाही.

थोडं नवं तेल टॉप-अप करून हा प्रश्न सुटत नाही. वार्निश लागलेल्या सिस्टिममध्ये फ्लशिंगशिवाय पूर्ण नवं तेल भरलं तर त्यातलं अँटिऑक्सिडंट जुन्या घाणीशी झुंजण्यातच संपतं. आणि टाकीचे हीटर सर्क्युलेशनशिवाय चालू ठेवू नका. थांबलेलं तेल हीटरच्या पृष्ठभागावर भाजतं.

सर्व्हो बदलायचाच असेल तर

गॅसचा मॅन्युअल ब्लॉक व्हॉल्व्ह बंद, ब्लाइंड किंवा डबल ब्लॉक आणि ब्लीड, पी२ शून्य, टॅग-लॉक, कंपार्टमेंटची सीओ२ अग्निशमन यंत्रणा आयसोलेट, गॅस डिटेक्टरने हवा तपासलेली. हायड्रॉलिक पंप बंद करून ॲक्युम्युलेटरचं तेलही उतरवा. पंप बंद झाला तरी तो दाब धरून ठेवतो. १०५ बारची गळती हाताने चाचपू नका, तेल कातडीत घुसतं.

सर्व्होआधीचा लास्ट-चान्स फिल्टर, एसआरव्हीसाठी एफएच-७ आणि जीसीव्हीसाठी एफएच-८, दर वेळी बदला. जुना फिल्टर पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. कोरडी काळी पूड असेल तर पंपाची किंवा नळीची झीज. बोटाला चिकटणारा मधाच्या रंगाचा थर असेल आणि साध्या पुसण्याने जात नसेल तर वार्निश. फोटो काढून नोंदीला जोडा. हा फिल्टर खराब होऊ दिला की तो चोंदतो, सर्व्होच्या पायलट टप्प्याला तेल कमी मिळतं आणि सर्व्हो आतून चांगला असूनही आळशी होतो. म्हणजे कधीकधी काढलेला सर्व्हो निर्दोष असतो आणि बरं होतं ते फिल्टर बदलल्यामुळे.

मॅनिफोल्डवर आधी फ्लशिंग प्लेट लावून गरम तेल फिरवा. सर्व्होच्या तळाचं संरक्षक झाकण बसवण्याच्या क्षणीच काढा. ओ-रिंग नव्या, तेल लावून. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आडव्या-तिरप्या क्रमाने. साइटवर सॉल्व्हंटने सर्व्हो धुण्याचा मोह टाळा: वरचा थर जातो, नोझलमधला आत ढकलला जातो. काढलेला सर्व्हो टेस्ट बेंच असलेल्या दुरुस्ती केंद्राकडे पाठवा आणि परत येताना नल, अंतर्गत गळती आणि हिस्टेरेसिसचा रिपोर्ट मागा. रिपोर्टशिवाय आलेला सर्व्हो स्टोअरमध्ये घेऊ नका.

बसवल्यावर पोलॅरिटी एकेका कॉइलने तपासा. टर्मिनल बोर्डवर दोन कॉइल मोकळ्या करा, एकीवर व्हॉल्व्ह ५० टक्क्यांवर आणा. व्हॉल्व्ह रेफरन्सच्या आसपास स्थिर राहायला हवा आणि त्या कॉइलचा करंट सुमारे −८ टक्के. व्हॉल्व्ह सरळ टोकाला जाऊन आपटला तर तारा उलट्या. तिन्हींची ही तपासणी झाली की सर्व जोडून स्थिर करंट −२.६७ च्या जवळ आला का, ते लिहा. सगळे फोर्स (तपासणीसाठी कंट्रोलरमध्ये हाताने धरून ठेवलेले सिग्नल) काढल्याची यादी दोन माणसांनी सह्या करून बंद करा.

दोन सवयी मात्र सोडाव्यात. एक, पोझिशनची चूक दिसली की नल बायसची (सर्व्होच्या यांत्रिक बायसला तोलणाऱ्या करंटची) कॉन्फिगरेशनमधली किंमत बदलणं. चूक स्क्रीनवरून जाते, सर्व्हो आतून झिजतच राहतो आणि तुमचा इशारा देणारा आकडाही जातो. दोन, प्रत्येक अलार्मला एलव्हीडीटीचं ऑटो-कॅलिब्रेशन. एलव्हीडीटी, ॲक्च्युएटर किंवा व्हॉल्व्ह बदलला असेल, किंवा डायल आणि स्क्रीन यांत १ टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल, तरच कॅलिब्रेशन करा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर केलेलं कॅलिब्रेशन ती अडक नवा शून्य म्हणून साठवून ठेवतं आणि मग फायरिंगला इंधन कमी-जास्त जातं.

गॅसची बाजू

कधीकधी तेल, सर्व्हो सगळं नीट असतं आणि तरी जीसीव्ही बंद जागेवरून सुटायला तयार नसतो. सीट आणि प्लगवर आयर्न सल्फाइडची काळी पूड किंवा कंडेन्सेटचा चिकट थर बसलेला असतो. अशा वेळी दोष फक्त पहिल्या एक-दोन टक्क्यांतच दिसतो, पुढे व्हॉल्व्ह मोकळा चालतो. फिल्टर-सेपरेटरचा ड्रेन आणि स्ट्रेनर बघा. एसआरव्हीची सीट गळत असेल तर बंद मशीनवर व्हेंट बंद करताच पी२ चढतो. पॅकिंग जास्त आवळून स्टेमची गळती थांबवली असेल तर तीच आवळणी पायऱ्यांचं चित्र देते. लीक-ऑफ लाइन मोकळी आहे ना, हे पॅकिंग आवळण्याआधी बघा.

उभ्या मशीनचं वेळापत्रक

आठवड्यातून एकदा ल्यूब पंप आणि सहायक हायड्रॉलिक पंप चालवा, तेल सर्क्युलेशनमध्ये गरम करा, आणि गॅस आयसोलेट करून एसआरव्ही, जीसीव्ही, आयजीव्ही पूर्ण स्ट्रोकमध्ये पाच-सहा वेळा फिरवा. एक-दोन फेऱ्यांनी ट्यूबिंगमधलं जुनं गार तेल बदलत नाही. उत्तरेकडच्या हिवाळ्यात हे अंतर आणखी कमी करा आणि मॉड्यूलमधल्या नळ्यांना हीट ट्रेसिंग आहे का, चालू आहे का, बघा. पॅच टेस्ट थांबत-चालणाऱ्या मशीनवर दर तीन महिन्यांनी.

सुटा सर्व्हो स्टोअरमध्ये तेल भरून, प्लेट लावून, आडवा ठेवा आणि त्यावर ओ-रिंगची तारीख लिहा. मशीन स्थिर लोडवर आलं की तिन्ही सर्व्होंचा प्रत्येक कोअरचा करंट आणि त्या वेळचं तेलाचं तापमान लॉगबुकात जाऊ दे. करंट सलग तीन स्टार्टना −४ कडे किंवा −१.३३ कडे सरकताना दिसला तर पुढच्या नियोजित बंदमध्ये तो सर्व्हो काढा आणि त्याच दिवशी तेलाचा नमुना पाठवा. पट्टा ओलांडला असेल तर पुढचा स्टार्ट देण्याआधीच.